तापणे, तापवणे, राखणे : फुलोऱ्यातील तापमानाविषयी

स्वतःच्या शरीराचे तापमान बाहेरच्या हवेवर अवलंबून न ठेवता एका ठराविक मर्यादेत राखणे, हा पक्षी आणि सस्तन प्राणी यांचा विशेष म्हणून आपण शालेय वयापासून शिकत आलो आहोत. वनस्पती ह्या बाबतीत सर्वस्वी परतंत्र, हवा जशी तशी त्यांची अवस्था, अशी आपली समजूत असते. ही समजूत मुळे, खोड आणि पाने यांच्यापुरती बहुतांशी खरी आहे. परंतु फुलोऱ्याच्या काळात, म्हणजे वनस्पतीच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक अशा काही दिवसांत, ती सर्वत्र खरी राहत नाही. काही थोड्या वनस्पती त्या दिवसांत उष्णता निर्माण करतात. त्यांतील आणखी थोड्या आपल्या फुलाचे तापमान एखाद्या सस्तन प्राण्यासारखे राखतात. आणि बाकीच्या बहुसंख्य वनस्पती, ज्यांत आपली सारी धान्यपिके येतात, निराळ्याच उपायांनी वेळ निभावून नेतात.

ह्या तिन्ही प्रकारांना मराठी लेखनात सरसकट ‘तापनियमन’ असे म्हटलेले आढळते. प्रस्तुत लेखक भाषाविज्ञानाचा अभ्यासक असल्यामुळे त्याचे लक्ष प्रथम ह्या शब्दाकडे गेले. बोलीभाषेत जे भेद आपण सहज पाळतो, ते परिभाषेत शिरताच पुसले जातात, असे अनेकदा घडते. मराठीत ‘तापणे’ हे अकर्मक क्रियापद आहे, ‘तापवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप आहे, आणि ‘राखणे’ हे सकर्मक असून त्याच्या कर्त्याकडून सतत दक्षतेची अपेक्षा करते. पत्रा उन्हात तापतो; चूल पाणी तापवते; पण पाणी ठराविक मर्यादेइतकेच गरम राखावयाचे असेल तर जाळ कमीअधिक करणारे कोणीतरी तेथे असावे लागते. फुलोऱ्याचे विवेचनही ह्याच तीन क्रियापदांच्या आधारे केल्यास बराच गोंधळ टळेल, असे वाटते. उदाहरणे शक्य तितकी अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातून घेतली आहेत. कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) पायथ्याचे, अतिवृष्टीचे अकोले आणि पर्जन्यछायेतील जामखेड-कर्जत हे दोन्ही टोकांचे प्रदेश ह्या एकाच जिल्ह्यात असल्यामुळे त्यासाठी तो विशेष सोयीचा आहे.

आरंभी आणखी एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. ‘उष्णता’ ही ऊर्जा आहे, ‘तापमान’ ही अवस्था आहे. लहान फुलात थोडी उष्णता निर्माण झाली तरी ती क्षणात हवेत विरते आणि तापमान वाढत नाही. मोठ्या, मांसल फुलोऱ्यात तीच उष्णता साचून राहते. म्हणूनच ज्यांचे तापमान लक्षात येण्याइतके वाढते, ती फुले किंवा फुलोरे बहुधा आकाराने मोठे असतात. आहारविचारात सुरण ‘उष्ण’ मानला जातो, त्याचा ह्या उष्णतेशी काहीही संबंध नाही, हेही येथेच सांगून टाकणे बरे.

१. तापणे

पहिला प्रकार सर्वांत साधा. येथे उष्णता सूर्याची, फूल केवळ ती घेणारे. तथापि किती घ्यावी आणि केव्हा घ्यावी हे फुलाच्या ठेवणीवर अवलंबून असते. सूर्यफुलाचे उदाहरण परिचित आहे. ‘सूर्यफूल’ ह्या नावामुळे उमललेले फूल दिवसभर सूर्यामागे वळत राहते, अशी समजूत रूढ झाली. वस्तुतः वळते ते कोवळे रोप आणि न उमललेली कळी. फूल पूर्ण उमलले की वळणे थांबते आणि ते पूर्वेकडे तोंड करून स्थिर होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१६ मध्ये कुंड्यांतील काही फुलांची तोंडे पश्चिमेस फिरवून तुलना केली. पूर्वाभिमुख फुले सकाळी लवकर तापली आणि त्यांच्यावर परागण करणारे कीटक सुमारे पाचपट अधिक आले. पश्चिमाभिमुख फुलांना कृत्रिम उष्णता दिली असता तेथील कीटकांची संख्याही वाढली. त्यावरून दिशेच्या लाभाचा निदान काही भाग उबेमुळे मिळतो, हे दिसून आले.

येथे फुलाने काही निर्माण केले नाही. त्याने फक्त योग्य जागी तोंड केले. ह्यास ‘तापनियमन’ म्हणणे म्हणजे अंगणात उन्हाला बसलेल्या मनुष्याने ऊन निर्माण केले असे म्हणण्यासारखे होईल.

२. तापवणे

दुसऱ्या प्रकारासाठी अकोले तालुक्यातील डोंगरउतारांकडे वळावे लागेल. मृगाच्या आगेमागे, पहिल्या पावसाच्या सुमारास, हरिश्चंद्रगड-रतनगड परिसरात जमिनीतून एकेक जांभळट तपकिरी कोंब वर येतो. हा शेवळा. (पाण्यावरील ‘शेवाळ’ हा निराळा शब्द व निराळी वस्तू.) सह्याद्रीतील ही वनस्पती सुरणाच्या प्रजातीतील, म्हणजे अमॉर्फोफॅलस प्रजातीतील आहे. आधी फुलोरा आणि मागाहून पान, असा तिचा क्रम. रानभाज्यांच्या हंगामात हाच कोवळा फुलोरा उमलण्यापूर्वी खुडला जातो आणि त्याची खाज मारण्यासाठी काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवला जातो.

भाजी म्हणून जे आपण खातो त्याची रचना पाहण्यासारखी आहे. मध्यभागी मांसल दांडा, त्यास परिभाषेत ‘स्थूलकणिश’ म्हणतात. त्यास वेढणारे मोठे आवरण म्हणजे ‘महाछद’. दांड्याच्या तळाशी स्त्रीपुष्पे, त्यांच्या वर पुंपुष्पे आणि सर्वांत वर फुले नसलेला लांबट भाग, म्हणजे उपांग. स्त्रीपुष्पे आधी पक्व होतात, पराग मागाहून सुटतो. त्यामुळे एकाच फुलोऱ्यातील पराग त्याच फुलोऱ्यातील स्त्रीपुष्पांच्या कामी सहसा येत नाही. पराग दुसरीकडून यावयाचा तर कीटक आला पाहिजे, आणि तो नेमक्या वेळी आला पाहिजे. त्यासाठीची सोय म्हणजे वरचे उपांग. ह्या प्रजातीत ते कुजक्या मांसासारखा किंवा शेणासारखा दर्प सोडते, आणि तो दर्प दूरवर पसरावा म्हणून तापते. सुरणाच्या फुलोऱ्यावर ह्या उष्णतेची मोजणी झालेली आहे. सुमात्रातील त्याच प्रजातीच्या प्रचंड फुलोऱ्याचे उपांग जर्मनीतील बॉन येथे ३६ अंश सेल्सिअसच्या वर गेल्याचे आढळले. ह्या कुळातील उष्णतेची पहिली नोंद मात्र बरीच जुनी आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क ह्याने १७७८ मध्ये युरोपातील ॲरम ह्या वनस्पतीच्या फुलोऱ्याची ऊब नोंदवली होती.

ही उष्णता येते कोठून? सर्व सजीव पेशींत श्वसन चालते. साखर किंवा स्निग्ध पदार्थ यांचे विघटन होऊन सुटलेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकांच्या पटलातील एका साखळीतून टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनकडे जातात. ह्या प्रवासात मुक्त होणारी ऊर्जा पेशी एटीपी ह्या रेणूच्या रूपाने साठवते. धरणाचे पाणी जनित्रावरून सोडावे तसा हा प्रकार आहे. परंतु वनस्पतींच्या तंतुकणिकांत ह्या मार्गाला एक आडवाट आहे. ‘पर्यायी ऑक्सिडेज’ नावाचे विकर इलेक्ट्रॉनांना साखळीच्या शेवटच्या दोन ऊर्जा-साठवणाऱ्या टप्प्यांना वगळून थेट ऑक्सिजनकडे नेते. मग त्या टप्प्यांची ऊर्जा साठत नाही; ती उष्णता होऊन बाहेर पडते. पाणी जनित्रावर न जाता सांडव्यावरून कोसळते, असे म्हणता येईल. ही आडवाट बहुतेक सर्व वनस्पतींत असते, परंतु एरवी ती अल्प प्रमाणात वापरली जाते. तापणाऱ्या फुलोऱ्यांत मात्र तिला काही तासांपुरते प्राधान्य मिळते आणि उपांगात साठवलेला पिष्टसाठा झपाट्याने जळतो.

हा सांडवा उघडण्याची आज्ञा कोण देते, हा प्रश्न दीर्घ काळ चर्चिला गेला. डच शास्त्रज्ञ व्हान हेर्क ह्याने १९३७ मध्ये असे मांडले की, पुंपुष्पांतून एक द्रव्य वर उपांगाकडे जाते आणि त्यामुळे ते तापते. ह्या अज्ञात द्रव्यास त्याने ‘कॅलोरिजेन’ असे नाव दिले. ते द्रव्य म्हणजे सॅलिसिलिक आम्ल, हे १९८७ मध्ये रास्किन आणि सहकाऱ्यांनी सौरोमॅटम ह्या, भारतातही आढळणाऱ्या वनस्पतीवर दाखवून दिले. उपांग तापण्यापूर्वी त्यातील सॅलिसिलिक आम्लाचे प्रमाण जवळजवळ शंभरपटीने वाढते. ज्या ॲस्पिरिनने आपण ताप उतरवतो, ते ह्याच आम्लापासून बनते. तेच आम्ल येथे फुलोऱ्यास तापवते, हा योगायोग लक्षणीय खरा. पन्नास वर्षे केवळ नाव असलेल्या वस्तूला अखेर देह मिळाला, ही घटना परिभाषेच्या अभ्यासकानेही लक्षात ठेवावी अशी आहे.

तथापि एक गोष्ट स्पष्ट व्हावयास हवी. उपांग तापते, कळस गाठते आणि निवते. चूल पेटली, इंधन संपले, विझली. अशा एका झपाट्याच्या तापण्यास ‘तापजनन’ म्हणणे युक्त; नियमनाचा पुरावा केवळ त्यावरून मिळत नाही.

३. राखणे

नियमनाचा पुरावा कोणता मानावा? निकष साधा आहे. बाहेर थंडी वाढली असता आतील उष्णतेची निर्मिती वाढते काय, आणि बाहेर ऊब आली असता ती घटते काय? ह्या कसोटीस उतरणारी मोजकी फुले आहेत, आणि त्यांत आपल्या संस्कृतीला सर्वांत जवळचे असे एक आहे : कमळ.

येथे पुन्हा शब्दाची सावधगिरी हवी. बोलण्यात आपण पाण्यातील कोणत्याही मोठ्या फुलास कमळ म्हणतो. पाण्यावर पाने टेकलेले कुमुद आणि पाण्याच्या वर देठावर पाने तोललेले खरे कमळ यांचे कूळ एक नाही, गणही एक नाही. खऱ्या कमळाचे जवळचे आप्त पाण्यात नसून जमिनीवर आहेत. काश्मीरचा चिनार हा त्यांतील एक. पुढील प्रयोग ह्या खऱ्या कमळावरचे आहेत.

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे रॉजर सेमूर आणि पॉल शुल्ट्झ-मोटेल यांनी कमळाच्या फुलातील पुष्पासनाचे तापमान मोजून १९९६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हवेचे तापमान १० ते ३० अंशांच्या दरम्यान बदलत असता पुष्पासन ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान राहिले. ही अवस्था पाकळ्या उघडण्यापूर्वी सुरू होते, दोन ते चार दिवस टिकते आणि पाकळ्या पसरून पराग सुटू लागला की संपते. एका फुलात जास्तीत जास्त सुमारे एक वॅट उष्णता निर्माण होते. म्हणजे चाळीस फुले मिळून जुन्या चाळीस वॅटच्या दिव्याइतकी. महत्त्वाची गोष्ट अशी की, रात्री हवा थंड होत गेली तसतसे फुलाचे श्वसन वाढत गेले.

हे सामान्य रसायनाच्या उलट आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की पेशीतील क्रिया स्थूलमानाने दुप्पट वेगाने चालते आणि घटले की मंदावते. कमळाच्या फुलात ठराविक मर्यादेत नेमके विपरीत घडते : पुष्पासन गरम झाले की श्वसन उतरते, निवले की चढते. मज्जातंतू नाहीत, मेंदू नाही, घाम नाही. प्रत्येक पेशी आपापल्या तापमानानुसार आपला जाळ कमीअधिक करते आणि त्यांची बेरीज म्हणजे फुलाचे स्थिर तापमान. दक्षिण अमेरिकेतील फिलोडेंड्रॉनच्या एका जातीत १९७२ मध्येच असे नियमन आढळले होते. हवा ४ ते ३९ अंशांच्या दरम्यान असता तिचा फुलोरा ३८ ते ४६ अंशांवर राहत होता. उत्तर अमेरिकेतील ‘स्कंक कॅबेज’ ही वनस्पती हवेपेक्षा १५ ते ३५ अंशांनी अधिक तापमान निदान चौदा दिवस टिकवते, असे १९७४ मध्ये नोंदवले गेले.

एवढा खर्च कशासाठी? एक उत्तर कीटकांकडे पाहते. कमळाच्या अर्धवट मिटलेल्या फुलात भुंगेरे रात्र काढू शकतात. उबदार फुलात बसलेल्या कीटकास स्वतःचे शरीर तापवण्याची गरज कमी पडते. फ्रेंच गियानातील एका फिलोडेंड्रॉनवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फुलोऱ्यात राहणाऱ्या भुंगेऱ्यांना रात्री बाहेर सक्रिय राहण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या मानाने निम्म्याहूनही कमी ऊर्जा पुरते, असे दिसून आले. मधाऐवजी ऊब हेच तेथे मोल. दुसरे उत्तर फुलाच्या आत पाहते. चीनमधील संशोधकांनी २००९ मध्ये असे दाखवले की, कमळाच्या फुलाची ही ऊब फलनास प्रत्यक्ष साहाय्य करते. परागकण किंजल्कावर पडला म्हणजे कार्य संपत नाही. परागनलिका वाढून बीजकापर्यंत पोचली पाहिजे, आणि ती वाढ तापमानावर अवलंबून असते. दोन्ही उत्तरे परस्परविरोधी नाहीत.

४. निवणे आणि वेळ साधणे

आता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेड-कर्जतच्या रब्बी ज्वारीकडे येऊ. हिला अशी चूलही नाही आणि असा राखणाराही नाही. तरीही तापमानाची निकड तिला कमी नाही, उलट अधिक आहे. कारण परागकण ही वनस्पतीच्या शरीरातील सर्वांत हळवी वस्तू. उष्णतेचा आघात झाला असता पाने जी संरक्षक प्रथिने तयार करतात, ती पक्व परागकणास पुरेशी तयार करता येत नाहीत. ज्वारीवरील नियंत्रित प्रयोगांत दिवसा ३६ व रात्री २६ अंश तापमान ठेवले असता परागाची उत्पत्ती, त्याची जीवनक्षमता आणि दाणे धरण्याचे प्रमाण घटले. दिवसा ४० व रात्री ३० अंश ठेवले असता कणीस बाहेरच पडले नाही. दुसऱ्या बाजूस, कणीस पोटरीत असताना रात्री सुमारे १३ अंशांच्या खाली गेल्यास पराग वांझ निपजण्याचा धोका असतो. ताट हिरवेगार, कणीस डौलदार आणि दाणे मात्र पोचट, ही अवस्था तेव्हा येते. नगरची थंडी काही वर्षी दहा अंशांच्याही खाली उतरते, हे ध्यानात घेतले म्हणजे ज्वारीचा फुलोरा किती अरुंद वाटेने जातो ते कळते.

ह्या वाटेवर तिच्याजवळ दोनच साधने आहेत. पहिले पाणी. त्वग्रंध्रांतून होणाऱ्या बाष्पोच्छ्वासाने पीक निवते. भातावरील मोजणीत कोरड्या हवेत लोंबीचे तापमान हवेपेक्षा कित्येक अंशांनी कमी आढळले आहे. दमट हवेत हा लाभ उरत नाही. जमिनीत ओल नसेल तर त्वग्रंध्रे मिटतात आणि पीक हवेपेक्षाही अधिक तापते. म्हणजे दुष्काळ पिकास तहानेने मारतो तसा तापानेही मारतो; हे दोन आघात पृथक् मोजणे संशोधकास कठीण जाते, ते ह्यामुळेच.

दुसरे साधन वेळ. ज्वारीची फुले मुख्यतः मध्यरात्रीनंतर ते सकाळपर्यंत, कणसाच्या शेंड्याकडून खाली, अनेक दिवस क्रमाने उमलतात. दुपारच्या उन्हास परागाला तोंड द्यावे लागत नाही. अकोल्यातील भात मात्र सकाळी उशिरा उमलतो, आणि उमलण्याच्या त्या तासाभरात ३५ अंशांच्या वर तापमान गेल्यास वंध्यत्व वाढते. म्हणूनच पहाटे उमलणाऱ्या रानटी भातांचा हा गुण लागवडीच्या भातात आणण्याचे प्रयत्न झाले आहेत. तापमान बदलता येत नसेल तर घटका बदलावी, हा त्यामागील विचार.

५. कर्ता कोण?

येथवरच्या विवेचनावरून परिभाषेविषयी एक सूचना करावीशी वाटते. सूर्याच्या उष्णतेने फूल तापते त्यास ‘तापन’, स्वतः उष्णता निर्माण करते त्यास ‘तापजनन’, बाष्पाने निवते त्यास ‘शीतन’ म्हणावे. आणि ‘तापनियमन’ हा शब्द कमळासारख्या, वर सांगितलेल्या कसोटीस उतरणाऱ्या उदाहरणांसाठी राखून ठेवावा. हा केवळ शब्दांचा काटेकोरपणा नव्हे. ‘वनस्पती फुलोऱ्यात तापमानाचे नियमन करतात’ असे विधान विद्यार्थ्याने वाचले की ज्वारीही काहीतरी करून घेईल, असा भ्रम सहज निर्माण होतो. ती करून घेत नाही. तिच्या ठायी ‘राखणे’ ह्या क्रियापदाचा कर्ता ज्वारी नसतेच.

मग तो कर्ता कोण? शेतकऱ्यांच्या बोलीत ह्या प्रश्नाचे उत्तर आहे. ‘पोटरीत आली’, ‘निसवली’, ‘फुलोऱ्यात आली’, ‘चिकात आली’, ‘हुरड्यात आली’ असे पिकाच्या अवस्थांचे बारीक टप्पे ती बोली पाडते. ह्या सर्व क्रियापदांचा कर्ता ज्वारी आहे. परंतु ‘पेरणी साधली’ ह्या प्रयोगात मात्र साधणारा माणूस आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतची पेरणी अशा बेताने करावयाची की पोटरीचा काळ कडक थंडीत सापडू नये आणि फुलोऱ्यापर्यंत जमिनीत ओल टिकावी : कमळाचे पुष्पासन जे काम रात्रभर श्वसन चढवून-उतरवून करते, तेच काम येथे पेरणीच्या तिथीने, वाणाच्या निवडीने आणि ओल टिकवण्याच्या मशागतीने माणूस करतो. मालदांडी ३५-१ सारखा जुना वाण किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले वसुधा’ निवडणे हाही त्या राखणीचाच भाग होय.

पाऊस लांबला म्हणजे पेरणीची तिथी हातची जाते, आणि तापमानाच्या कमाल-किमान मर्यादा सरकू लागल्या म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा अंदाज चुकू लागतो. अशा वेळी पिकाच्या अंगी नसलेली शक्ती केवळ शब्दाने त्याला बहाल करणे परवडणारे नाही. कोणत्या अवस्थेत, कोणत्या घटकेस, किती अंशांवर दाणा धरतो वा हुकतो, याची नोंद तालुक्यातालुक्यात व्हावयास हवी. आणि ती नोंद करताना ‘पोटरी’, ‘निसवण’, ‘चीक’ ह्या शब्दांना परिभाषेचा दर्जा देण्यास हरकत नसावी, कारण शेतकऱ्याला विचारावयाचा प्रश्न त्याच शब्दांत विचारावा लागणार आहे.